पावसाळ्यात रोज खानापूर-बेळगाव, अंगात कुडता नाहीतर साडी, पायात काय घालू सांगा की

पायताणवेडी

मैत्रिणींनो एक सल्ला पाहिजे होता, जरा मोठं लिहितेय खरं वाचा. मी खानापूरची, बेळगावात एका ऑफिसात अकाउंट्सला लागलेय, रोज जाऊन येऊन करते, बहुतेक बसनं, कधी वेळेला रेल्वे मिळाली तर रेल्वेनं. घरातनं स्टँडपर्यंत चालत, तो रस्ता म्हणजे तांबडी माती आणि वरनं खानापूरचा पाऊस, तुम्हाला सांगायला नको. बेळगावात उतरून परत चालत, आणि ऑफिसात पोचलं की एकदम चकचकीत टाइल्स, ओली चप्पल घेऊन आत गेलं की सरकतंयच. ड्रेस कोड असा काही नाही, आठवडाभर कुडता-लेगिंग नाहीतर कुडता-पँट, शुक्रवारी आम्ही बायका साडी नेसतो, हा आमचाच नियम, साहेबांचा नाही.

आता खरी अडचण. मला चपलांचं वेड आहे. साड्या, दागिने ह्यात एवढं मन रमत नाही, खरं गणपत गल्लीत गेले की पाय आपोआप चपलांच्या दुकानाकडं वळतात, घ्यायचं असू दे नसू दे, दोन-चार जोड घालून खालच्या त्या तिरक्या आरशात पाय बघितल्याशिवाय बरं वाटत नाही. सासूबाई म्हणतात पाय दोन आणि चपला बघा किती, आणि नवऱ्यानं तर दारातल्या स्टँडवर स्वतःसाठी एक कप्पा मागून घेतलाय. एवढं असून रोजच्याला घालायला एकही धड नाही!! सगळ्या नाजूक, मोत्याच्या, चमकीच्या, एक मोजडी आहे ती जून ते सप्टेंबर बाहेरच काढता येत नाही. त्यात पोरगी झाल्यापासून पाचचा नंबर सहा झाला, पाय पुढनं रुंद झाला, जुन्यातल्या निम्म्या होतच नाहीत तरी टाकवत नाहीत.

बजेट तीन हजार. कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट, ते झिरो तिकीट आहे म्हणून जे पैसे वाचतात ते मी मनातल्या मनात चपलेच्या खात्यावर धरलेत, घरात कोणाला सांगू नका. त्या तीन हजारात पावसातलं रोजचं, शुक्रवारच्या साडीवरचं, आणि तुळशीचं लग्न झालं की नणंदेचं लग्न आहे, हळदीला इरकल आणि लग्नाला काठपदर नेसणार, तर त्यावर काय? हील जमते मला खरं फार उंच नको. एकच भारीतली घेऊ की तीन साध्या? सांगा की.

वडगावची_वहिनी

पहिलं म्हणजे एकाच चपलेत रस्ता आणि ऑफिस दोन्ही भागवायचं डोक्यातनं काढ. मी वडगावातनं कॅम्पात जाते, अंतर तुझ्याएवढं नाही तरी पावसाळ्यात रस्त्याला रबरी आणि टेबलाखाली पिशवीत एक कोरडी बेली, ती तिथंच राहते, घरी येतच नाही. पोचलं की पाय धुवायचे आणि पुसायचे, बोटांच्या बेचक्यासकट. हे मी सांगालीय ते नीट ऐक, दिवसभर ओले पाय घेऊन बसलं की चिखल्या होतात आणि मग महिनाभर कुठलीच चप्पल घालता येत नाही, तुझ्यासारख्या वेडीला तर ती शिक्षाच.

रस्त्याची घेताना वरनं रंग नंतर बघ, आधी उलटी कर. सोलला खोल खाचा पाहिजेत, पाणी त्यातनं बाहेर निघतं म्हणून पकड राहते. नखानं दाबून बघ, थोडं दबलं पाहिजे. पीव्हीसीचा कडक गुळगुळीत सोल ओल्या टाइल्सवर हमखास सरकतो, दुकानात टीपीआर (रबरासारखं प्लास्टिक) नाहीतर रबर सोल म्हणून माग. आणि मागं पट्टा असलेलीच घे. नुसती स्लिपर घातली की टाच उचलेल तसा चिखल मागं उडतो, तांबड्या मातीचे ठिपके कुडत्याच्या मागच्या बाजूला पार कमरेपर्यंत, आणि ते आपल्याला दिसत नाहीत, बसमधल्या सगळ्यांना दिसतात.

बंद बूट पावसात नको म्हणून सांगेन. पाणी आत गेलं की जाताना जात नाही. उघडी सँडल भिजली तरी सुकते.

एक भारीतली की तीन साध्या ह्यावर माझं मत, पावसातली स्वस्त घे, दोन पावसाळे गेले तरी खूप झालं, पैसे ऑफिसातल्या जोडीवर घाल कारण दिवसाचे आठ तास ती पायात असणार.

थर्डगेट_गर्ल

मी वहिनींना पूर्ण सपोर्ट करते खरं बंद बूट नको हे पटलं नाही. पाऊस रोज धो धो नसतो की, ऑगस्टच्या शेवटाला आणि त्यानंतर नुसती रिपरिप असते, तेव्हा जाळीवाले नव्हे, सिंथेटिक वरचे स्नीकर मस्त चालतात, ओल्या कपड्यानं पुसलं की झालं. कुडता आणि अँकल लेंथ पँटवर स्नीकर इतके भारी दिसतात की बस. फक्त पांढरे घेऊ नकोस अक्का, इन्स्टावर सगळ्याजणी पांढरे घालतात कारण त्यांना खानापूरच्या स्टँडवर उभं राहायचं नसतं. चॉकलेटी, मरून, गडद निळा असलं बघ, तांबडी माती त्यात खपून जाते.

आणि चपलेआधी पायजम्याचं बघ!! पलाझो आणि शरारा पावसाळ्यात कपाटात वर टाकून दे, खालचा घेर सगळं पाणी पितो आणि मग ते दोन किलो वजन घेऊन दिवसभर फिरायचं. कॉटन सुकायला वेळ लागतो, घोट्याच्या वर संपणारी क्रेप नाहीतर पॉलिस्टर मिक्सची सरळ पँट घे, तीन रंगात घे, काळी, मरून आणि एक फिकट. कुडता गुडघ्यापर्यंतचाच, पोटरीवर लोंबणारा लांब कुडता पँटेबरोबर भिजतो. एवढं केलंस तर पायातली साधी चप्पलसुद्धा उठून दिसते कारण घोटा मोकळा राहतो.

शुक्रवारच्या साडीवर पण स्नीकर घालून बघ, आमच्या कॉलेजात साडी डेला निम्म्या पोरी तशाच येतात, पळता येतं, बस धरता येते, फोटोत दिसत पण नाही.

निवृत्त_बाई

फोटोत दिसत नाही म्हणजे घालायला हरकत नाही, हा काय हिशोब गं बाळ? हाहा. घाला बाई, तुमचे दिवस आहेत. मी जन्मभर शाळेत साडी नेसून उभी राहिले, फळ्यासमोर, तेव्हा साडी आणि चप्पल ह्याबद्दल मला बोलायचा अधिकार आहे असं मी धरून चालते.

पायताणवेडी, साडीच्या बाबतीत बायका एक गोष्ट उलटी करतात. साडी नेसून होते, मग चप्पल शोधतात. आधी चप्पल पायात घालायची आणि मग परकर बांधायचा, मग नेसायची. चपटी चप्पल घालून नेसलीस आणि नंतर दीड इंच टाच चढवलीस की काठ घोट्यावर येतो, साडी आखूड वाटते. उलट टाच घालून नेसलीस आणि संध्याकाळी पाय दुखले म्हणून चपटी घातलीस की फॉल रस्ता झाडत जातो, पुढचं सांगायला नको, पायात येऊन पडायला होतं. म्हणून त्या दिवशी सकाळी ठरवायचं आणि दिवसभर तीच उंची ठेवायची. शुक्रवारी तुला रस्त्याची आणि ऑफिसची अशा दोन जोड्या लागणार ना, तर त्या दोन्हींची उंची सारखी बघून घे. ही गोष्ट कोणी सांगत नाही.

टाच किती? रोजच्याला दीड, फार तर दोन इंच, आणि रुंद, ज्याला तुम्ही ब्लॉक हील म्हणता ती. टाच जितकी उंच तितका भार पुढं चवड्यावर येतो, तुझा पाय पुढनं रुंद झालाय तर तिथंच आधी दुखायला लागेल. पेन्सिल हील तर बेळगावच्या रस्त्यावर नकोच, गटारावरच्या फरश्यांच्या फटीत अडकलेल्या टाचा मी डोळ्यांनी बघितल्यात.

आणि बाळंतपणानंतर नंबर वाढतो तो पुष्कळजणींचा परत खाली येत नाही. पायाचे सांधे धरून ठेवणारे अस्थिबंध त्या काळात सैल होतात, कमान थोडी खाली बसते, पाय लांब-रुंद होतो. तेव्हा त्या पाच नंबरच्या निम्म्या जोड्या भाचीला, जावेला, कोणाला तरी देऊन टाक. परत होणार नाहीत त्या.

अथणीकडची

हळदीला इरकल म्हणालीस आणि अजून कोणी कोल्हापुरीचं नाव काढलं न्हाई म्हणून आले. आमच्या घरात आजोबांपासनं हेच काम हाय, अथणीला, तवा जरा जास्त बोलते, सांभाळून घ्या.

इरकलीचा लाल पदर आणि त्याच्यावरच्या टोप-तेनी नक्षीचे ते पांढरे दात, त्याच्याखाली रंगीत खडेवाली सँडल घातली की सगळं मार खातं. साधी चामड्याच्या रंगाची कोल्हापुरी, वर लाल गोंडा असला तरी चालतोय, एवढंच. ब्लाऊज गुळेदगुड्ड खणाचा असला तर मग बघायलाच नको, पायात चमकीचं काय घालूच नकोस, खणातच एवढी नक्षी असती.

आता कोल्हापुरी म्हटलं की माणसं कोल्हापूरलाच पळत्यात. नावच तसं हाय म्हणा. खरं २०१९ ला जीआय, म्हंजे त्या भागाचीच वस्तू असा सरकारी शिक्का, मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे तिकडचे चार आणि आपले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून मिळालंय. अथणी, निपाणी ह्या भागात पिढ्यानपिढ्या काम चालतंय. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा ह्या इटलीतल्या महागड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसलीच चप्पल आली, नाव ना गाव, मग सगळीकडनं ओरड झाली आणि त्यांनी मान्य केलं की ही भारतातल्या कारागिरांची हाय म्हणून. त्या आठवड्यात आमच्याकडं नात्यातल्या सगळ्यांचे फोन, टीव्हीवर दाखवालेत बघा म्हणून. चप्पल करणारा मात्र त्या दिवशीपण सकाळी बसला तसाच बसला होता, ऑर्डर द्यायची होती.

तर ओळखायची कशी. शंभर-दीडशे रुपयात कोल्हापुरी म्हणून रस्त्यावर मिळती ती रेक्झीनची असती, वास घेऊन बघ, चामड्याचा वास लपत न्हाई. खरी जोडी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची, तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले, खिळा नसतोय त्यात. तळ बाजूनं बघ, थर मोजता येत्यात, पुठ्ठा भरला असला तर कळतंय. वरची वेणी नीट बघ, सारखी आणि घट्ट पाहिजे. हे वेणीचं आणि पट्ट्याचं काम आमच्यात जास्त करून बायकाच करत्यात, माझी आई करती, बोटांना घट्टे पडलेत.

घेताना घट्ट घे. चामडं पायाप्रमाणं सैल होत जातंय, दुकानात ऐसपैस बसली की दोन महिन्यात पायातनं निघून जाती. खरं बोटं दाबून रडवणारी पण नको, आडवा पट्टा घट्ट असू दे, अंगठा मोकळा पाहिजे. नवीन असताना चावती, सगळ्यांनाच चावती, रात्री पट्ट्याला आणि अंगठ्याला आतनं खोबरेल चोळून ठेव आणि पहिले आठ दिवस घरात मोजे घालून नाहीतर तसंच थोडं थोडं चाल. हळदीच्या दिवशी पहिल्यांदा बॉक्समधनं काढून घालायची न्हाई, एवढं ऐक माझं.

आणि पावसात अजिबात न्हाई. ह्याच्यावर माझ्याशी भांडू नका कोण. पाणी लागलं की तळ फुगतोय, थर सुटत्यात, वरनं बुरशी येती. भिजलीच तर उन्हात नाहीतर चुलीपुढं वाळवायची न्हाई, तडे जात्यात, सावलीत वर्तमानपत्र कोंबून ठेवायची.

आमच्याकडं चप्पल करणाऱ्या हरळय्यांची गोष्ट सांगत्यात, त्यांच्या नमस्काराला बसवण्णांनी उलट शरण म्हटलं म्हणून त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, कल्याणम्मांनी, आपल्या मांडीच्या कातड्याची चप्पल करून नेली आणि बसवण्णांनी ती पायात न घालता डोक्यावर घेतली. लहानपणी आजी सांगायची काम करता करता. असो, विषय भरकटला.

दुकानातला_पोरगा

भाऊ पण वाचालेत हो ताई, तुम्ही नमस्कार केला नाही तरी. मी बेळगावात एका चप्पल दुकानात कामाला आहे, नाव सांगत नाही नाहीतर जाहिरात म्हणाल. काउंटरच्या ह्या बाजूनं चार गोष्टी सांगतो.

नंबर. आपल्याकडं बोलतात तो सहा नंबर म्हणजे युकेचा सहा, बॉक्सवर ३९ लिहिलेलं असलं तर साधारण तोच. खरं युकेच्या दोन नंबरात जवळजवळ साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो, म्हणून सहा घट्ट आणि सात सैल अशी गंमत सारखी होते. त्यात रुंद पाय असला की ताया सरळ एक नंबर वाढवून मागतात. त्यानं रुंदी मिळते थोडीशी, लांबी नको तेवढी वाढते, टाच मागनं उचलते आणि चालताना पाय पुढं सरकून परत बोटंच दुखतात. नंबर वाढवू नका, पुढचा आकार बदला. टोकदार बेली सोडा, गोल नाहीतर चौकोनी पुढा बघा, पट्ट्याला बकल नाहीतर वेल्क्रो असलेलं बघा, संध्याकाळी सैल करता येतं.

रुंद पाय म्हणून वाईट वाटून घेऊ नका, चेन्नईच्या सीएलआरआय ह्या सरकारी चामडं संशोधन संस्थेनं २०२१ च्या शेवटापासून देशभर लाखावर लोकांचे पाय मोजले, त्यात आपल्याकडचे पाय रुंद असतात हेच निघालं, आणि त्यावरनं "भा" नावाची आपली स्वतःची नंबराची पद्धत सुचवलीय. ती दुकानात रुळेपर्यंत युकेच्या नंबरावरच आहोत आपण.

दुसरं, बहुतेकजणी एकाच पायात घालून बघतात आणि पॅक करा म्हणतात. दोन्ही पाय सारखे नसतात, दोन्हीत घाला, उभं राहा, दुकानात एक फेरी मारा, मोठ्या पायाला जी बसते ती घ्या. पुढं अंगठ्यापासून अर्धा इंच जागा. आणि चप्पल हातात घेऊन वाकवून बघा, चवडा जिथं वाकतो तिथंच वाकली पाहिजे, मधोमध मोडल्यासारखी वाकली तर ठेवून द्या.

तिसरं, ह्याच्यासाठीच खरं लिहायला बसलो. तुमच्या घरातल्या त्या न घातलेल्या जोड्या आहेत ना, त्यातल्या जाड हलक्या पीयू (पॉलियुरेथेन) सोलच्या आत्ताच काढून बघा. दमट हवेनं पीयू आतनं तुटत जातं, आपल्याकडचे पावसाळे बघताय, काही वर्षं नुसती ठेवलेली जोडी वरनं नवी कोरी दिसते आणि घालून दहा पावलं चाललं की सोलचा भुगा रस्त्यावर. लग्नाच्या हॉलमध्ये असं झालेल्या ताई दुसऱ्या दिवशी भांडायला येतात, आम्ही काय करणार. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली तर ओल आतच राहते. कापडी पिशवी, सिलिकाच्या पुड्या, आणि अधूनमधून बाहेर काढणं एवढंच.

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या जोडीवर जीएसटी पाच टक्के झालाय, पूर्वी हजाराच्या वर गेलं की अठरा होता. तुमचं बजेट त्यात बसतंय.

गर्दी नको असली तर दुपारी तीनच्या सुमाराला या, निवांत दाखवतो. घ्यायचं नसलं तरी घालून बघा, राग येत नाही, फक्त एका बॉक्समधली दुसऱ्या बॉक्समध्ये घालू नका म्हणजे झालं.

वडगावची_वहिनी

दुपारी तीनला कोण चप्पल घेतं? तुमच्या सोयीची वेळ सांगालाय होय. दिवसभर चालून पाय संध्याकाळी फुगतो, चप्पल संध्याकाळीच बघायची, नाहीतर दुपारी बसलेली सहा वाजता टोचते.

दुकानातला_पोरगा

ते पण खरं आहे वहिनी. मग शनिवारी संध्याकाळी आलात तर आवाज चढवून बोलायला लागेल एवढं लक्षात ठेवा.

निवृत्त_बाई

लग्नाचं राहिलंच की. पायताणवेडी, नणंदेचं लग्न म्हणजे तू वहिनी, वहिनीला दिवसभर बसायला मिळत नाही, देवक, रुखवत, पाहुण्यांचं जेवण, सगळीकडं तुलाच हाक. आणि दर थोड्या वेळानं मांडवात चढायचं म्हणून चप्पल काढायची. तेव्हा बकलवाली सुंदर सँडल घेऊ नकोस, काठपदर सावरत वाकून बकल लावत बसशील आणि तिकडं अक्षता पडून जातील. सरळ पाय घालता आणि काढता येईल असली, थोडी टाच, सोनेरी नाहीतर तांब्याच्या रंगाची, ती बहुतेक काठांना जाते. फार महागाची नको, हॉलबाहेरच्या ढिगातनं कोण कोणाची घालून जाईल सांगता येत नाही. मी तर स्टेजमागं पिशवीत घालून ठेवते.

आणि नवऱ्या मुलाचे बूट लपवायचे ते करवल्यांना करू दे, तू त्यात पडू नकोस, तुला नंतर शोधावे लागतात.

थर्डगेट_गर्ल

बाई तुम्ही फार भारी लिहिता. खरं तांब्याच्या रंगाची म्हणजे रोज गोल्ड ना? ती कुडत्यावर पण जाते, म्हणजे एकच ब्लॉक हील शुक्रवारी साडीवर + लग्नाला. मग अक्काचे तीनच जोड झाले. पावसाची सँडल, कोल्हापुरी, ही. आणि स्नीकरचे पैसे नवऱ्याकडनं, वाढदिवसाला 😄

निवृत्त_बाई

रोज गोल्ड म्हणा नाहीतर काय म्हणा. खरं ऑफिसातल्या कोरड्या बेलीचं काय, ते विसरलीस. ती जुन्यातली सहा नंबरची एखादी असली तर तीच ठेवू दे तिथं.

पायताणवेडी

अयायो किती लिहिलंत सगळ्यांनी, बसमध्ये वाचत आले, कंडक्टरला आधार दाखवायचं पण लक्षात राहिलं नाही, त्यानंच विचारलं. सगळ्यांना थँक्यू.

काल ऑफिस सुटल्यावर खडे बाजारला जाऊन आले. पावसाची घेतली, गडद निळी, मागं पट्टा, सोल उलटा करून नखानं दाबून बघितला तर दुकानदार म्हणाला ताई आंबा बघालाय काय. साडेचारशेला मिळाली. तांब्याच्या रंगाची एक ब्लॉक हील हजारात बसली, दोन्ही पायात घालून दुकानात फेऱ्या मारल्या, त्याचा मला कंटाळा येत नाहीच. जाळीचे स्नीकर पण घालून बघितले, उगीच, आवडले, तिथंच ठेवून आले. म्हणजे बाजूला ठेवा म्हणून सांगून आले.

घरी येऊन कपाटातल्या सगळ्या काढल्या. दुकानातल्या दादा, तुम्ही म्हणालात तसं एका जाड सोलच्या जोडीला बोट लावलं तर खरंच खाली पिवळट भुगा पडला, वरनं पट्टा अजून नवा. सासूबाई बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, केरसुणी आणून दिली. पाच नंबरच्या चुलतबहिणीला दिल्या, मोजडी सोडून. मोजडी ठेवलीय.

आता राहिली कोल्हापुरी. @अथणीकडची ताई, मला खरीच पाहिजे, दीड हजार शिल्लक आहेत, त्यात होईल का? रुंद पाय, सहा नंबर, गोंडा लाल. शनिवारी निपाणीला मावशीकडं जायचंय, तिथं बघू की तुमच्याकडंच करून मिळेल? आणि निपाणीला जायला झिरो तिकीट चालतंय ना?

वडगावची_वहिनी

निपाणीपर्यंत कर्नाटकातच आहे की, चालतंय. फक्त कोल्हापूरची गाडी आली म्हणून चढू नकोस, राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीला शक्तीचं तिकीट नाही, निपाणीलाच संपणारी साधी गाडी बघून चढ. २०२३ च्या जूनमध्ये योजना सुरू झाली तेव्हापासनं मी पाठ केलंय हे.

अथणीकडची

दीड हजारात चांगली साधी जोडी व्हायला हरकत न्हाई, बारीक वेणीकाम, जास्त नक्षी पाहिजे असली तर वर जाईल. निपाणीला पण बघ, हातातली तयार मिळाली आणि बसली तर तिथंच घे, माझ्यासाठी थांबू नकोस. खरं रुंद पायाला तयारमधली पट्ट्यात घट्ट आणि लांबीला जास्त अशी येती बहुतेक.

करून पाहिजे असली तर घाई न्हाई, तुळशीचं लग्न लांब हाय अजून, आणि पावसात चामडं नीट वाळत न्हाई, दसऱ्याच्या सुमाराला केलेली चांगली. तू एक कर. जाड कागद घे, त्याच्यावर पाय ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरव, पेन्सिल सरळ उभी धर, आत तिरकी घालू नको. मग जिथं पाय सगळ्यात रुंद हाय तिथं वरनं दोरा गुंडाळून तेवढा दोरा कापून कागदाला चिकटव, म्हंजे पट्ट्याचं माप कळतंय. दोन्ही पायांचं कर, डावा-उजवा लिही त्याच्यावर. संध्याकाळी कर. आणि कागद जमिनीवर ठेवून उभं राहून दुसऱ्याकडनं काढून घे, बसून स्वतः वाकून काढशील तर माप चुकतंय, नवऱ्याला सांग काढायला.